अडथळ्यांची शर्यत : जिंकणारा घोडा आधी ओळखता येतो का?

मार्चमधला चेल्टनहॅमचा चार दिवसांचा मेळा आणि एप्रिलमधली लिव्हरपूलच्या एन्ट्री मैदानावरची ग्रँड नॅशनल, या दोन्हींच्या आधी ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या वर्तमानपत्रांची क्रीडा पानं घोड्यांच्या नावांनी भरून जातात. प्रत्येक घोड्याचं वय, त्याच्या पाठीवरचं वजन, मागच्या पाच-सहा शर्यतींचा निकाल, ट्रेनर, जॉकी, झालेली शस्त्रक्रिया आणि खाली दोन ओळींचा शेरा. वैद्यकीय नजरेनं पाहिलं तर हा सरळसरळ केसपेपर आहे. वय, वजन, पूर्वेतिहास, ऑपरेशन, सध्याची तक्रार आणि शेवटी एक अंदाज : याचं पुढं काय होणार?

मुंबईच्या महालक्ष्मी किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर जाणाऱ्यांना सपाट मैदानावरची शर्यत माहीत असते. २,४०० मीटरची इंडियन डर्बी अडीच मिनिटांच्या आसपास आटोपते. अडथळ्यांच्या शर्यती भारतातल्या शर्यतशौकिनांच्या फारशा ओळखीच्या नाहीत. त्यांत घोडा तीन-चार किलोमीटरपासून सात किलोमीटरपर्यंत धावतो आणि वाटेत अडथळे ओलांडतो. साडेतीन फुटांच्या आसपासच्या हलक्या अडथळ्यांची ती हर्डल शर्यत, साडेचार फूट किंवा त्याहून उंच कुंपणांची ती स्टीपलचेस. १७५२ मध्ये आयर्लंडच्या कॉर्क परगण्यात दोघांनी एका चर्चच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या चर्चच्या मनोऱ्यापर्यंत, मधली कुंपणं आणि ओढे ओलांडत घोडे पळवले, तिथून हे नाव आलं असं मानलं जातं. इंग्रजीत मनोऱ्याला स्टीपल म्हणतात. ग्रँड नॅशनलमध्ये जवळजवळ सात किलोमीटरचं अंतर आणि ३० अडथळे असतात. शर्यत नऊ मिनिटांच्या आसपास चालते. शरीराची अशी कसोटी दुसऱ्या घोडदौडींत क्वचितच लागते. म्हणूनच या शर्यतीचा अंदाज बांधताना शरीरशास्त्र किती उपयोगी पडतं आणि कुठं थांबतं, हे पाहण्यासारखं आहे.

आकड्यांमधला पूर्वेतिहास

केसपेपरची पहिली ओळ म्हणजे मागच्या शर्यतींची आकडे आणि अक्षरांची साखळी. १ म्हणजे पहिला, २ म्हणजे दुसरा. ‘एफ’ म्हणजे घोडा पडला, ‘यू’ म्हणजे घोडा उभा राहिला पण जॉकी खाली आला, ‘पी’ म्हणजे जॉकीनं मध्येच घोडा थांबवला, ‘बी’ म्हणजे दुसऱ्याच्या पडण्यामुळं हाही आडवा झाला, ‘आर’ म्हणजे घोड्यानं उडी मारायलाच नकार दिला.

नवखा वाचक या सगळ्या अक्षरांना अपयश समजतो. जाणकार मात्र त्यांतला फरक पाहतो. ‘बी’मध्ये घोड्याचा दोष नसतो. ‘एफ’ एकदाच आला असेल तर तो अपघात असू शकतो, तीनदा आला तर उडीतच काही तरी बिघाड आहे. ‘पी’ सर्वांत महत्त्वाचा, कारण जॉकीला घोड्याच्या अंगात काही तरी बिनसल्याचं जाणवलेलं असतं. बाह्यरुग्ण विभागात ‘चक्कर येऊन पडले’ या तीन शब्दांनी जसं निदान होत नाही, चक्कर आली म्हणून पडले की पाय अडकून पडले हे विचारावं लागतं, तसंच हे आहे.

हृदय : इंजिन आणि त्याची लय

विश्रांतीत असताना घोड्याचं हृदय मिनिटाला ३० ते ४० ठोके देतं. पूर्ण वेगात हेच ठोके २२० च्या पुढं जातात. प्रत्येक ठोक्याला लिटरभर रक्त पुढं ढकललं जातं, म्हणजे मिनिटाला दोनशे लिटरहून जास्त. त्यात भर म्हणजे घोड्याची प्लीहा. विश्रांतीच्या वेळी तिच्यात लाल रक्तपेशींचा मोठा साठा पडून असतो. शर्यत सुरू होताच ती आकसते आणि हा साठा रक्तात ओतते. रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास असतं, ते ६० टक्क्यांच्या वर जातं. माणसाच्या रक्तात हे प्रमाण सतत राहिलं तर डॉक्टर आजाराचा शोध सुरू करतील. घोड्यासाठी मात्र ती निसर्गानं दिलेली राखीव टाकी आहे.

याचा अंदाजाशी संबंध असा की, तबेल्यात घेतलेल्या रक्ताच्या नमुन्यावरून घोडा किती धावेल हे सांगता येत नाही. सुई टोचताना घोडा नुसता बिचकला तरी प्लीहा आकसते आणि आकडा बदलतो.

हृदयाच्या लयीचंही तसंच. एट्रियल फिब्रिलेशन म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची थरथर. हा विकार उतारवयातल्या माणसांत नेहमी दिसतो आणि शर्यतीच्या घोड्यांतही आढळतो. चालताना, हळू पळताना काहीच जाणवत नाही. पूर्ण वेग लागतो तेव्हा मात्र हृदय पुरेसं भरत नाही आणि आघाडीवरचा घोडा अचानक मागं पडतो. कधी कधी ही थरथर एक-दोन दिवसांत आपोआप थांबते, म्हणून नंतर काढलेला ईसीजी अगदी नॉर्मल येतो.

डेनमन या घोड्यानं २००८ मध्ये चेल्टनहॅम गोल्ड कप जिंकला. त्याच वर्षी त्याच्या हृदयाची लय बिघडल्याचं निदान झालं. उपचार झाले, तो परत आला, आणि २००९, २०१० आणि २०११ अशी सलग तीन वर्षं त्याच शर्यतीत दुसरा आला. स्प्रिंटर साकर हा घोडा २०१३ मध्ये दोन मैलांच्या शर्यतींत अजिंक्य वाटत होता. त्या वर्षीची चॅम्पियन चेस त्यानं १९ लेंग्थनं जिंकली. डिसेंबरमध्ये केम्प्टनला त्याला मध्येच थांबवावं लागलं, कारण हृदयाचे ठोके अनियमित पडत होते. पुढची दोन वर्षं त्याच्या नावापुढं विजय लागला नाही. बहुतेकांनी त्याचा शेवट झाला असं मानलं. मार्च २०१६ मध्ये त्यानं तीच चॅम्पियन चेस पुन्हा जिंकली.

निदान दोघांचंही लयीच्या बिघाडाचं. एक परत आला पण गोल्ड कप पुन्हा मिळाला नाही, दुसरा पुन्हा शिखरावर पोचला. निदान कळलं म्हणजे भवितव्य कळलं असं होत नाही, हे दवाखान्यात रोज दिसतं.

श्वास : नाकाचा अरुंद रस्ता

घोडा तोंडानं श्वास घेऊ शकत नाही, फक्त नाकानं घेतो. चौखूर उधळताना त्याचा श्वास पावलांशी बांधलेला असतो, प्रत्येक झेपेला एक श्वास. म्हणजे मिनिटाला शंभराहून अधिक. या रस्त्यात थोडी जरी अडचण आली तरी दम संपतो.

सर्वांत नेहमीची अडचण स्वरयंत्राची. डाव्या बाजूचा स्वरयंत्राचा मज्जातंतू मेंदूपासून निघतो, छातीत उतरतो आणि वळसा घालून पुन्हा वर येतो. घोड्याच्या लांब मानेत हा प्रवास फारच लांबतो आणि तो मज्जातंतू कमजोर पडतो. मग स्वरयंत्राची डावी बाजू नीट उघडत नाही, श्वास घेताना घरघर ऐकू येते. माणसातही हाच मज्जातंतू असाच वळसा घेतो. म्हणून छातीतल्या गाठीमुळं कधी कधी आवाज बसतो.

घोड्यांत यावर शस्त्रक्रिया होते. जानेवारी २०१८ पासून ब्रिटनमध्ये अशी शस्त्रक्रिया झाल्यानंतरच्या पहिल्या शर्यतीच्या वेळी ती जाहीर करणं ट्रेनरवर बंधनकारक आहे. ही माहिती आता छापील यादीत सर्वांना दिसते. पण तिचा अर्थ दोन्ही बाजूंनी लागतो. श्वास मोकळा झाला म्हणून घोडा सुधारेल, किंवा मुळात त्याचा श्वास इतका वाईट होता की शस्त्रक्रिया करावी लागली. एकाच नोंदीवरून दोन जाणकार दोन उलट अंदाज बांधतात.

तबेल्यातला खोकला हाही मोठा इशारा. एखाद्या ट्रेनरचे चार-पाच घोडे एकाच आठवड्यात थकल्यासारखे धावले, तर तिथं विषाणूची साथ असण्याची शक्यता जाणकार आधी तपासतात. फेब्रुवारी २०१९ मध्ये घोड्यांच्या इन्फ्लूएन्झामुळं ब्रिटनमधल्या सगळ्या शर्यती सहा दिवस बंद ठेवाव्या लागल्या होत्या.

पाय, जमीन आणि डोळे

घोड्याच्या पायात गुडघ्याखाली स्नायू जवळजवळ नसतात. असतात त्या कंडरा, म्हणजे टेंडन. मागच्या बाजूची लांब कंडरा प्रत्येक पावलाला स्प्रिंगसारखी ताणली जाते आणि ऊर्जा परत देते. वेगात असताना एका पुढच्या पायावर शरीराच्या वजनाच्या दुपटीहून जास्त भार येतो आणि घोड्याचं वजन असतं ५०० किलोच्या आसपास. सतत ताणल्यानं कंडरेच्या गाभ्याचं तापमान ४५ अंश सेल्सियसपर्यंत गेल्याचं मोजलं गेलं आहे. तिथं रक्तपुरवठा कमी, म्हणून जखम भरायला नऊ महिने ते दीड वर्ष जातं आणि भरलेला भाग पूर्वीसारखा लवचिक राहत नाही. यादीत एखाद्या घोड्याच्या दोन शर्यतींत वर्षभराची फट दिसली की जाणकारांच्या मनात पहिला संशय कंडरेचाच येतो.

म्हणून जमीन महत्त्वाची. कडक जमिनीवर वेग वाढतो, पायांना बसणारा हादरा वाढतो आणि जीवघेण्या दुखापतींचा धोकाही वाढतो. चिखलात वेग कमी होतो, पण दमछाक दुप्पट होते. काही घोडे चिखलातच खुलतात, काही तिथं पाऊलच उचलत नाहीत. शर्यतीच्या सकाळी जमिनीत काठी खुपसून ती किती आत जाते आणि माती किती विरोध करते हे मोजलं जातं, आणि तो आकडा जाहीर होतो. आदल्या रात्री पाऊस पडला की आठवडाभर रचलेले अंदाज बदलतात.

खुराचंही तेच. रेड रम या घोड्याच्या खुरातल्या हाडाला दीर्घकाळची सूज होती. त्याचे ट्रेनर जिंजर मकेन त्याला साउथपोर्टच्या समुद्रकिनाऱ्यावर, वाळूत आणि खाऱ्या पाण्यात पळवत. तो १९७३, १९७४ आणि १९७७ अशी तीनदा ग्रँड नॅशनल जिंकला आणि मधली दोन वर्षं दुसरा आला. दुखऱ्या पायाची नोंद पाहून ज्यांनी त्याच्यावर काट मारली, ते पाच वर्षं चुकत राहिले.

डोळ्यांची गोष्ट वेगळीच. घोड्याला निळा आणि पिवळा रंग कळतो, लाल-हिरव्यातला फरक कळत नाही. ब्रिटनमधल्या अडथळ्यांच्या कडा वर्षानुवर्षं नारिंगी रंगाच्या होत्या. माणसाला त्या लांबून दिसत. एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिलं की घोड्याच्या डोळ्याला हा नारिंगी रंग हिरवळीत मिसळून गेलेला दिसतो. त्यानंतर या कडा पांढऱ्या करण्याचा निर्णय झाला. ज्याच्यासाठी खूण करायची त्याच्या डोळ्यांनी पाहायला हवं, एवढी साधी गोष्ट लक्षात यायला बरीच वर्षं गेली.

वजन आणि वरचा माणूस

गोल्ड कपमध्ये बहुतेक घोड्यांच्या पाठीवर सारखंच वजन असतं. ग्रँड नॅशनल मात्र हँडिकॅप शर्यत आहे. चांगल्या घोड्याला जास्त वजन, कमकुवत घोड्याला कमी. ते ठरवणाऱ्या अधिकाऱ्याचा हेतू सगळे घोडे शेवटच्या रेषेवर एकत्र यावेत हाच असतो. म्हणजे अंदाज बांधणाऱ्याचं काम अवघड व्हावं अशीच रचना. १९७३ मध्ये क्रिस्प हा घोडा ७६ किलो वजन घेऊन बराच पुढं होता. रेड रमच्या पाठीवर त्याहून दहा किलो कमी होते. शेवटच्या सरळ पट्ट्यात क्रिस्पचे पाय जड झाले आणि तो पाऊण लेंग्थनं हरला.

जॉकीचं शरीरही केसपेपरात यायला हवं. अडथळ्यांच्या शर्यतींत साधारण १५ ते २० धावांमागे जॉकी एकदा खाली पडतो. गळपट्टीचं हाड मोडणं नेहमीचंच. त्याहून गंभीर म्हणजे डोक्याला मार लागून मेंदूला बसणारा हादरा. म्हणून तिथं जॉकींची स्मरणशक्ती आणि प्रतिक्रियेचा वेग आधीच मोजून ठेवतात. हादरा बसल्यावर तीच चाचणी पुन्हा घेऊन मगच घोड्यावर बसू देतात. वजन राखण्यासाठी उपाशी राहणं, गरम पाण्यात बसून घाम काढणं, यातून अंगातलं पाणी कमी होतं आणि प्रतिक्रिया मंदावते. टिप देणाऱ्यांच्या दोन ओळींत याचा उल्लेख क्वचितच असतो.

घोड्यांसाठी धोका याहून मोठा. ब्रिटनमध्ये अडथळ्यांच्या शर्यतींत दर हजार धावांमागे साधारण चार घोडे प्राण गमावतात. सपाट शर्यतींत हे प्रमाण एकाहून कमी आहे. टीका वाढली तशी २०२४ पासून ग्रँड नॅशनलमधल्या घोड्यांची संख्या ४० वरून ३४ वर आणली गेली आणि पहिला अडथळा सुरुवातीच्या रेषेच्या जवळ आणला गेला, म्हणजे तिथं पोचेपर्यंत घोडे फार वेग घेत नाहीत. त्या वर्षी ३२ घोडे धावले आणि २१ जणांनी शर्यत पूर्ण केली.

केसपेपरात नसलेलं

१९५६ मध्ये डेव्हन लॉक हा राजमातेचा घोडा सगळे अडथळे ओलांडून आघाडीवर होता. रेषा ५० यार्डांवर असताना तो अचानक पुढचे पाय फाकवून पोटावर बसला. जॉकी होते डिक फ्रान्सिस, जे पुढं रहस्यकथाकार म्हणून जगभर गाजले. पायात गोळा आला, गर्दीच्या गलक्यानं बिचकला, शेजारच्या अडथळ्याची सावली पाहून उडी मारायला गेला, अशी बरीच कारणं सांगितली गेली. पक्कं उत्तर मिळालं नाही.

१९६७ मध्ये जॉकी नसलेला एक मोकाट घोडा तेविसाव्या अडथळ्यापाशी आडवा गेला आणि मागून येणाऱ्यांची एकच गर्दी झाली. खूप मागं असलेला फॉइनावन वाट काढत निघाला आणि जिंकला. त्याचा भाव होता शंभराला एक. मागं पडला होता म्हणूनच तो वाचला.

आणि अगदी अलीकडचं. कोरॅक रॅम्बलर २०२३ मध्ये फेव्हरिट म्हणून धावला आणि जिंकला. २०२४ मध्ये पहिल्याच अडथळ्यावर त्याचा जॉकी खाली आला आणि त्याची शर्यत तिथंच संपली.

भाव म्हणजे शक्यता

मग अंदाजाला अर्थ आहे का? आहे, पण तो नीट वाचला तर. घोड्याचा भाव सातास एक असेल तर त्याचा अर्थ असा की आठपैकी एक वेळा तो जिंकेल असं बाजाराला वाटतं. म्हणजे साडेबारा टक्के. आठपैकी सात वेळा तो हरेल, हेही त्याच वाक्यात आहे. ते मात्र कुणी मोठ्यानं वाचत नाही.

२०२१ ते २०२५ या पाच ग्रँड नॅशनलचे विजेते पाहा. रेचल ब्लॅकमोर ही शर्यत जिंकणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या, तो मिनेला टाइम्स अकरास एक भावाचा होता. त्यानंतर नोबल येट्स पन्नासास एक, कोरॅक रॅम्बलर आठास एक, आय ॲम मॅक्सिमस सातास एक आणि निक रॉकेट तेहतिसास एक. पाचांत दोनदा फेव्हरिट किंवा जोड-फेव्हरिट जिंकला. दोनदा असे घोडे जिंकले ज्यांना बाजार दोन-तीन टक्क्यांहून जास्त संधी देत नव्हता. तीस-चाळीस घोड्यांच्या शर्यतीत हे व्हायचंच. सर्व प्रकारच्या शर्यती धरल्या तर फेव्हरिट साधारण तीनपैकी एकदा जिंकतो. म्हणजे अंदाज अगदी आंधळा नाही. पण तीनपैकी दोनदा तो खोटा ठरतो.

यात बुकीचा हिशोब वेगळाच. समजा आठ घोडे आहेत आणि प्रत्येकाचा भाव सहास एक आहे. कुणी प्रत्येकावर १०० रुपये लावले तर खर्च ८०० रुपये. कोणताही घोडा जिंकला तरी हातात येतात ७००. घोड्याचं हृदय, कंडरा, जमीन काहीही असो, १०० रुपये आधीच गेलेले आहेत. नफ्यात राहायचं तर बाजारापेक्षा थोडंसं जास्त कळून भागत नाही, ही कपात भरून निघेल इतकं जास्त कळावं लागतं, आणि तेही वर्षानुवर्षं.

माहिती वाढते, खात्री वाढते

पॉल स्लोविक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला आठ अनुभवी शर्यत-जाणकारांची परीक्षा घेतली. त्यांना जुन्या शर्यतींची माहिती नावं लपवून दिली. आधी प्रत्येक घोड्याबद्दल पाच गोष्टी, मग दहा, मग वीस, मग चाळीस. जाणकारांनी आपल्याला हव्या त्या गोष्टी निवडायच्या आणि विजेता सांगायचा. पाच गोष्टींवर त्यांचे अंदाज जितके बरोबर आले, चाळीस गोष्टींवरही जवळजवळ तितकेच आले. वाढली ती फक्त स्वतःच्या अंदाजावरची खात्री.

कॅनडातल्या व्हँकूव्हरच्या रेसकोर्सवरचा १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग आणखी बोलका आहे. पैसे लावायला रांगेत उभ्या असलेल्यांना विचारलं, तुमचा घोडा जिंकण्याची किती खात्री वाटते? नुकतेच पैसे भरून खिडकीवरून वळलेल्यांनाही तेच विचारलं. दुसऱ्या गटाची खात्री स्पष्टपणे जास्त होती. मधल्या अर्ध्या मिनिटात घोड्यात काहीच बदललं नव्हतं, बदललं होतं ते फक्त खिशातलं.

वैद्यकातही हाच सापळा आहे. पाच नेमक्या प्रश्नांतून आणि तपासणीतून जेवढं कळतं, त्यावर वीस चाचण्यांची फाइल चढवली की नातेवाइकांना आणि डॉक्टरांनाही खात्री वाटू लागते. पण दर नवी चाचणी नवं काही सांगतेच असं नाही. एकदा एक निदान धरून उपचार सुरू झाले की त्याविरुद्धचे पुरावे दिसेनासे होतात. ‘पेशंट वाचेल का?’ या प्रश्नाला ‘दहापैकी सात जण यातून बरे होतात’ हे उत्तर ऐकणाऱ्याला अपुरं वाटतं. पण प्रामाणिक उत्तर तेवढंच असतं.

अंदाजाचा नाद लागतो तेव्हा

शर्यत पाहणं, घोड्यांचा अभ्यास करणं हा छंद आहे. तो आजार कधी होतो, हे ओळखणं महत्त्वाचं. मेंदूतलं डोपामिन हे रसायन बक्षीस मिळाल्यावर वाढतंच, पण अनपेक्षित बक्षिसानं ते जास्त उसळतं. केव्हा मिळेल हे ठाऊक नसलेलं बक्षीस म्हणूनच सर्वांत घट्ट धरून ठेवतं. त्यात ‘मानेनं हरला’ हा अनुभव मेंदूला हार वाटतच नाही, जवळ पोचल्यासारखं वाटतं आणि हात पुन्हा खिशाकडं जातो. अमेरिकन मानसोपचार संघटनेनं २०१३ मध्ये जुगाराच्या विकाराला दारू आणि इतर व्यसनांच्या गटात घातलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीतही तो आहे.

आपल्याकडे यात आणखी एक गैरसमज मिसळतो. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं घोड्यांच्या शर्यतीवर पैसे लावणं हा प्रामुख्यानं कौशल्याचा भाग आहे असा निर्णय दिला. कायद्याच्या दृष्टीनं तो फरक मोठा आहे. मेंदूच्या दृष्टीनं नाही. उलट ‘मला घोड्यांतलं कळतं’ ही भावनाच अनेकांना थांबू देत नाही. लॉटरीत हरलेला नशिबाला दोष देतो. शर्यतीत हरलेला म्हणतो की थोडासाच चुकलो, पुढच्या वेळी जमिनीचा अंदाज नीट घेईन.

डॉक्टरांनी आणि घरच्यांनी एक गोष्ट आवर्जून लक्षात ठेवावी. कंपवात, म्हणजे पार्किन्सन्सच्या आजारात दिली जाणारी प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारखी औषधं डोपामिनसारखं काम करतात. काही रुग्णांत त्यामुळं आयुष्यात कधी नव्हती अशी जुगाराची ओढ निर्माण होते. आयुष्यभर काटकसरीत राहिलेले आजोबा अचानक पैसे लावू लागले, तर ‘म्हातारपणी बुद्धी फिरली’ असं म्हणून गप्प बसू नये. औषध मनानं बंद करू नये, अचानक बंद केल्यानंही त्रास होतो. न्यूरॉलॉजिस्टना हे स्पष्ट सांगावं. मात्रा कमी केल्यावर किंवा औषध बदलल्यावर ही ओढ अनेकांत ओसरते.

इतरांत धोक्याच्या खुणा ठरलेल्या असतात. हरलेले पैसे भरून काढण्यासाठी पुन्हा लावणं. रक्कम वाढवल्याशिवाय मजा न येणं. थांबायचा प्रयत्न केला की चिडचिड आणि झोप उडणं. घरच्यांशी खोटं बोलणं. उसनवारी, दागिने गहाण, मुलांच्या फीचे पैसे. यातल्या चार किंवा अधिक गोष्टी वर्षभर दिसत असतील तर तो स्वभावदोष नाही, उपचार लागणारा आजार आहे. विचारांची पद्धत बदलणारी मानसोपचार पद्धती यात उपयोगी पडते, आणि काही रुग्णांना औषधांचाही फायदा होतो. सोबत नैराश्य किंवा दारू असेल तर त्यावर एकदमच उपचार करावे लागतात, कारण कर्जात बुडालेल्या माणसाच्या मनात आत्महत्येचे विचार येण्याचा धोका असतो. घरच्यांनी एकदाच कर्ज फेडून ‘आता पुन्हा नको हं’ म्हणणं पुरेसं ठरत नाही. पैशांचे व्यवहार काही काळ दुसऱ्याच्या हाती देणं आणि उपचार सुरू करणं ही दोन्ही पावलं एकत्र लागतात.

ज्यांना केवळ छंद म्हणून अंदाज बांधायचे आहेत, त्यांच्यासाठी एक साधा उपाय आहे. शर्यतीच्या आधी वहीत घोड्याचं नाव, तो जिंकण्याची शक्यता टक्क्यांत आणि त्याची तीन कारणं लिहायची. पैसे लावायचे नाहीत. पन्नास शर्यतींनंतर हिशोब करायचा. ज्यांना ३० टक्के दिले ते खरंच दहांत तीनदा जिंकले का? बहुतेकांना आपली खात्री आपल्या ज्ञानापेक्षा किती पुढं धावते हे या वहीतून कळतं. आणि ज्यांना वही न लिहिता पुढच्या शर्यतीपर्यंत थांबवतच नाही, त्यांनी किंवा त्यांच्या घरच्यांनी जवळच्या सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात केसपेपर काढावा. टेली-मानस या राष्ट्रीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क आहे, आणि तिथं मराठीत बोलता येतं.